एफ.वाय.च्या वाट्याला कोण?

पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडले होते. 1957 मध्ये एमआयटीतल्या भाषणात त्यांनी आग्रह धरला, की नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी खऱ्या प्रश्नावर, जाणत्या संशोधकाशेजारी बसून काम करू द्या. दोनच वर्षांनी हार्वर्डमध्ये ‘फ्रेशमन सेमिनार’ सुरू झाले. त्यासाठी पैसा लँड यांनीच दिला. डझनभर मुलं, एक मुरलेला प्राध्यापक, एकच विषय. आजही तिथे श्रेणी देत नाहीत, काम समाधानकारक की नाही एवढाच शेरा.

साउथ कॅरोलिना विद्यापीठाला पहिल्या वर्षाच्या प्रश्नापर्यंत अशांततेनं नेलं. 1970 च्या विद्यार्थी आंदोलनाची धग थेट अध्यक्ष थॉमस जोन्स यांच्या कचेरीपर्यंत पोचली. मुलांना विद्यापीठ आपलं वाटावं म्हणून 1972 मध्ये ‘युनिव्हर्सिटी 101’ हा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे जॉन गार्डनर यांनी तो नावारूपाला आणला आणि देशभर त्याचं अनुकरण झालं. अनुकरणात मात्र बरेचदा वेळेचं नियोजन, ग्रंथालयाची ओळख एवढंच हाती उरतं. मला लँड यांची वाट अधिक पटते. परकेपणा जातो तो कामात हात गुंतल्यावर.

आपल्याकडे यूजीसीनं 2019 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ आणला. हेतू चांगला आहे. पण पाहुण्यांचं भाषण, शाल-श्रीफळ, परिसराची फेरी झाली, की दुसऱ्या दिवशी मुलं शंभर-सव्वाशेच्या तुकडीत जाऊन बसतात. बारावीपर्यंत गाइड आणि क्लासच्या नोट्सवर वाढलेल्या मुलाला याच वर्षी सर्वांत अनुभवी शिक्षक हवा असतो. त्याच्या वाट्याला बहुधा तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक येतो. तो जीव तोडून शिकवतो, पण दोन-तीन कॉलेजं करताना त्याला मुलांची नावंही पाठ होत नाहीत. ज्येष्ठ मंडळी तोवर एम.ए.च्या वर्गात गेलेली असतात. ही उतरंड उलटी आहे आणि आपण तिची सवय करून घेतली आहे.

अर्थशास्त्राच्या एफ.वाय.च्या पंधरा मुलांना मी एकदा आपापल्या घरचा सातबारा आणायला सांगितलं. व्याख्यान नाही, टेबलाभोवती बसून फक्त वाचायचं. क्षेत्र, आकार, भोगवटादार, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, खाली पीकपाहणी. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “सर, आजोबांच्या फेरफारात आत्यांची नावं लागली होती, पुढच्या फेरफारात ती कमी झालीत.” हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते बहिणी का करून देतात, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिल्यावरही का देतात, यावर मुलं दोन तास भांडली. ज्यांच्या घरी जमीनच नव्हती, त्या तिघांनी विचारलं, मग आमचा कागद कोणता? पुढचा आठवडा मजुरीच्या हिशेबाच्या वह्यांवर गेला. पुस्तकातलं ‘जमीनधारणा’ हे प्रकरण त्यांनी नंतर आपणहून वाचलं.

एवढे शिक्षक आणायचे कुठून, ही अडचण खरी आहे. रिकामी पदं भरल्याशिवाय प्रत्येक मुलाला असा वर्ग मिळणार नाही, आणि त्या भरतीसाठी प्राध्यापकांनी भांडलंच पाहिजे. तोवर प्रत्येक विभागातल्या ज्येष्ठानं पंधरा मुलांचा एक गट घ्यावा, दर सत्राला गट बदलावा. मात्र तो तास कार्यभारात धरला पाहिजे. हौसेवर सोडलेला उपक्रम तो चालवणारा निवृत्त झाला की बंद पडतो.