मानधनाने खेळ बाटतो का?
कॅनडातल्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेच्या कॉलेज आइस हॉकीची दारे अनेक दशके बंद होती. सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडून परक्या कुटुंबात राहायचे, सामन्यांसाठी बसने रात्ररात्र प्रवास करायचा. त्याबद्दलचे किरकोळ मानधनही त्याला ‘व्यावसायिक’ ठरवत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ही मुले पात्र ठरली. हा उशिरा मिळालेला न्याय आहे. खेळातली निष्कामता, म्हणजे फळाची आशा न धरता खेळणे, पारखायची ती हेतूवरून, खिशावरून नव्हे. पैशाने हेतू गढूळ होतो, हा आक्षेप खोटा नाही. पण शिष्यवृत्ती हेही फळच आहे. तिच्या आशेने यूएसएचएल या अमेरिकी ज्युनियर लीगमध्ये घाम गाळणारा शुद्ध आणि हातखर्चाला चार डॉलर घेणारा बाटलेला, असे कोणत्या नीतीने म्हणायचे?