दान व त्याचा उगम

ऋषीचें कूळ व नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. दानाचेंही मूळ शोधूं नये काय, हा प्रश्न मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाचा इतिहास पाहतां सहज उभा राहतो.

गोरगरिबांस औषधोपचार मिळावा म्हणून जमशेटजींनीं १ लाख रुपये देऊं केले. कंपनी सरकारनेंही आपली भर घातली. १८४३ सालीं कोनशिला बसली, आणि १८४५ सालीं रुग्णालय सुरू झालें. त्याच वर्षीं शेजारीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, व एतद्देशीय तरुण तेथें पाश्चात्त्य वैद्यक शिकूं लागले. तेव्हांपासून किती अनाथांस तेथें प्राणदान मिळालें असेल, याची गणती कोण करील!

आतां दुसरी बाजू. जमशेटजींची संपत्ति चीनशीं चाललेल्या कापसाच्या व अफूच्या व्यापारांतून आली. त्या अफूपायीं १८३९ ते १८४२ पर्यंत इंग्रज व चीन यांचें युद्ध झालें. कोनशिला बसली तेव्हां तहास पुरतें वर्षही लोटलें नव्हतें.

कोणी म्हणतात, तो काळच तसा होता. खुद्द कंपनी सरकार अफूवर महसूल मिळवीत असे. खरें, पण चिनी दरबारानें अफूस बंदी केली होती, हें व्यापाऱ्यांस अज्ञात नव्हतें. उलट दुसरे म्हणतात, असलें दान म्हणजे पापावरील पांघरूण. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकच घोटाळा करितात. दान व दोष एकाच वहींत मांडून ते वजाबाकी करूं पाहतात. ऋणको एक असला, तरी धनको निराळे आहेत. मुंबईच्या रोग्यास दिलेल्या औषधानें कँटनच्या व्यसनग्रस्ताचें देणें फिटत नाहीं. आणि तें देणें राहिलें म्हणून औषधाचा गुणही उणा होत नाहीं.

तापानें फणफणलेल्या रोग्यानें पैशाचें मूळ शोधावें, ही अपेक्षा निर्दय होय. वरील म्हण त्याच्यापुरती खरी. त्यानें औषध निःशंक घ्यावें. मूळ शोधण्याचें काम धडधाकटांचें आहे. आज हें रुग्णालय राज्य सरकारच्या तिजोरींतून चालतें, आणि त्या तिजोरींत मद्यावरील कराचा पैसाही येतो. म्हणजे दातृत्व आतां आपणां सर्वांकडे आलें आहे. जमशेटजींच्या वहीवर बोट ठेवणाऱ्या वाचकानें आपलीही वही उघडावी, इतकेंच आमचें सांगणें.