दहावा माणूस

माझा एक लहानसा छापखाना आहे. तिथं मोजून नऊ माणसं काम करतात. दहावा का ठेवत नाही, असं कुणी विचारलं की मी 'जागा नाही' म्हणून सांगतो. वास्तविक जागा पुष्कळ आहे. नाही ती छाती. दहा माणसं झाली की छापखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते, आणि सरकारी कागद दिसला की माझं ब्लडप्रेशर वाढतं. म्हणजे कामगारांच्या आरोग्याची योजना मी टाळत आलो, ती स्वतःच्या आरोग्यासाठी!

तरी मन खात होतं, म्हणून नऊ जणांचा मिळून खाजगी आरोग्यविमा काढला. दोन वर्षं कुणी शिंकलंसुद्धा नाही. मी खूश. तिसऱ्या वर्षी आमच्या बाइंडरमामांच्या मंडळींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. कंपनीनं पैसे मुकाट्यानं दिले आणि पुढचा हप्ता मुकाट्यानं दीडपट केला.

विमेवाले गृहस्थ आले. चहा घेता घेता म्हणाले, "खर्च कमी करू की! कामगारांच्या आईवडिलांना यादीतून काढा. खोलीच्या भाड्याला मर्यादा घाला. बिलाचे वीस टक्के कामगारानं सोसायचे, असं कलम टाका. आणि साहेब, खरं सांगू? माणसं तरुण ठेवा."

पलीकडे मामा पुठ्ठा कापत होते.

रात्री यादी घेऊन बसलो. एक गोष्ट ध्यानात आली. या सगळ्या उपायांनी खर्च कमी होतच नव्हता. माझ्या खिशातून निघून कामगाराच्या खिशाला जाऊन चिकटत होता. मामा आता अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांतली तेहेतीस वर्षं माझ्याकडे गेली. म्हणजे तारुण्याचा नफा माझ्या खात्यावर, आणि म्हातारपणाचा खर्च तेवढा त्यांच्या!

सौभाग्यवतींनी यादीत डोकावून पाहिलं. "अहो, सगळ्यांत मोठं वय तर तुमचंच आहे. बासष्ट! तुम्हालाच काढा की. हप्ता लगेच खाली येईल."

मग आयुष्यात पहिल्यांदाच तो सरकारी कागद नीट वाचला. १ जुलै २०१९ पासून मालकानं पगाराच्या ३.२५ टक्के भरायचे, कामगारानं ०.७५. अठरा हजार पगाराला माझे ५८५ रुपये, त्याचे १३५. कुणाचं वय पाहून हप्ता ठरत नाही, जुना मधुमेह आडवा येत नाही, अवलंबून असलेले आईवडीलही बसतात. दवाखान्यात रांग असते म्हणतात. पण रांगेत उभं राहायला आधी यादीत नाव तर हवं!

अट एवढीच, की पगार एकवीस हजारांच्या आत हवा. मामांचा तेवीस. गेल्या दिवाळीत मीच मोठ्या ऐटीत वाढवलेला! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, नेमके तेच बाहेर.

शेवटी दहावा माणूस ठेवला, आणि मामांची नि मामींची पॉलिसी वेगळी काढली. तिचा हप्ता ऐकून मी मटकन खाली बसलो.

मामा पाणी घेऊन आले. म्हणाले, "साहेब, तब्येतीला जपा. तुमचा विमा हाय न्हवं?"