वेळेआधीचा वाटसरू

घाटी रुग्णालयातला वॉर्ड, रात्रीचे दोन. पैठणकडचा एक शेतकरी चक्कर येऊन पडला म्हणून दाखल झालेला. निवासी डॉक्टर ईसीजीची पट्टी घेऊन सरांकडे आली.

"सर, मध्येच एक ठोका गळलाय. हार्ट ब्लॉक लिहू?"

"आधी पी लाटा मोज. व्हेंकेबाखनं १८९९ मध्ये नुसत्या नाडीच्या नोंदींतली अंतरं मोजून गळणारा ठोका ओळखला. आइन्थोव्हेनचं ईसीजीचं यंत्र तेव्हा यायचं होतं. खऱ्या ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांची पी लाट वेळेवर येते, पण तिच्यामागे खालच्या कप्प्यांचा क्यूआरएस येत नाही. इथं?"

तिनं पट्टीला कागद लावून पेन्सिलीनं खुणा केल्या. "या टी लाटेचं टोक इतरांपेक्षा उंच आहे. पी हिच्यातच दडलीय... वेळेआधी आलीय!"

"म्हणजे मधलं दार, एव्ही नोड, मागच्या ठोक्यातून सावरायच्या आत ती येऊन थडकली. आपल्या शहरातला मलिक अंबरचा भडकल दरवाजा घे, १६१२ चा. उजाडायच्या आत आलेल्या वाटसरूला तो बंद दिसला, तर दरवाजा मोडला म्हणायचं का?"

"पण सर, दोन चुका सारख्या नाहीत. खरा ब्लॉक सुटला तर माणूस जाईल. खोटा धरला तर एक पेसमेकर उगाच बसेल. मग भीतीचं ऐकलेलं बरं नाही का?"

"भीतीनं आपल्याला त्याच्या खाटेजवळ जागं ठेवावं. रोगनिदान तिनं लिहू नये. 'ब्लॉक' लिहिलंस की तो का पडला, हे कुणी विचारणार नाही. कारण दुसरंच असेल, तर पेसमेकर असूनही तो पुन्हा पडेल."

"मग घरी सोडायचं?"

"तेही नाही. ही पट्टी दहा सेकंदांची. हा एक ठोका निर्दोष ठरला, एवढंच. मॉनिटर चालू ठेव, पोटॅशियमसाठी रक्त पाठव, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेतो ते विचार. खरा ब्लॉक दिसला आणि नाडी खाली गेली, तर तात्पुरता पेसमेकर तयार असू दे. तेव्हा वेळ दवडायचा नाही."

तिनं केसपेपरवर लिहिलं : वेळेआधी आलेली, पुढे न गेलेली पी लाट. खाली आणखी एक ओळ : चक्कर येण्याचं कारण अजून सापडलेलं नाही.

दाराशी त्याची बायको उभी होती. "मशीन बसवायची का, मॅडम?"

"आत्ता नाही, मावशी. आज रात्रभर आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवून आहोत."