दुसरी सही

बँकेत प्रत्येक कामाला दोन माणसे लागतात. एक ते करणारा आणि दुसरा ते झाले असे म्हणणारा. पूर्वी लेजरमध्ये लाल शाईची टिक असे, आता संगणकावर 'मेकर' आणि 'चेकर' असतात. मेकर नोंद करतो, चेकर ती मंजूर करतो आणि तोवर गिऱ्हाइकाचा पैसा त्रिशंकूसारखा मध्येच लटकतो. वीस वर्षे हा प्रकार पाहून मला एक प्रश्न पडू लागला आहे. एका कामावर दोन सह्या झाल्या म्हणजे जबाबदारी दुप्पट होते की निम्मी? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हा प्रश्न पडत नसावा. त्यांच्या सहीने कोणाचे पैसे जात नाहीत.

आमचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो नेमके काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. दिवाळीत फराळ करताना मी त्यालाच विचारले, तर म्हणाला, "मामा, हल्ली मी फ्लॅश मेमरी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमधले बदल तपासतो." ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एस.टी.च आली. मग त्याने चकली बाजूला ठेवून मला समजावले.

फ्लॅश मेमरी म्हणजे फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये असते ती. १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. तिच्यातल्या नँड जातीचा स्वभाव मोठा चमत्कारिक. लिहायचे पानापानाने, पण खोडायचे तर अख्खा ब्लॉक, म्हणजे अनेकदा चौसष्ट किंवा त्याहून जास्त पाने एकदम. एका आकड्यासाठी सबंध लेजर कोरे करण्यातला प्रकार! शिवाय खोडून खोडून ती झिजते. कोऱ्या करकरीत चिपमध्येही काही ब्लॉक कारखान्यातूनच नासके निघू शकतात आणि कारखानदार स्वतःच त्यांवर तशी खूण करून देतो. (लग्ने जमवताना एवढा प्रामाणिकपणा माझ्या पाहण्यात नाही.) वाचताना अधूनमधून एखादा बिट उलटतो, म्हणजे एकाचा शून्य होतो. तो गणिताने हुडकून दुरुस्त करायची सोय असते. कंट्रोलरकडून ही सगळी कामे करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

"परवा एक बदल आला," भाचा म्हणाला. "चाचण्या सगळ्या पास. डेटा बरोबर. फक्त किती बिट दुरुस्त केले तो आकडा ड्रायव्हर वर कळवत नव्हता."

"डेटा बरोबर आहे ना? मग बिघडलं कुठे?"

"आज चार बिट उलटले, दुरुस्त झाले. उद्या पाच. आमच्या चिपला आठपर्यंत झेपतं. नववा उलटला की ते पान गेलंच समजा. आकडा कळत राहिला असता तर वरच्या थराने वेळीच ते सगळं दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवलं असतं."

हे मला ताबडतोब समजले. रोज कमी पडलेले दहा रुपये स्वतःच्या खिशातून घालून गल्ला जुळवणारा कॅशियर! त्याचा गल्ला रोज जुळतो, म्हणूनच तो धोक्याचा. ज्या दिवशी खिसा पुरणार नाही, त्या दिवशी भोक किती जुने आहे हे कोणालाच कळायचे नाही.

भाच्याने तो बदल परत पाठवला. करणारा त्याचा जवळचा मित्र. तो दोन दिवस चहाला आला नाही. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे त्याचे म्हणणे. आता आली का पंचाईत? मित्राचे काम तपासणे हा अविश्वास आणि न तपासता सही करणे ही मैत्री, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते.

अशा मैत्रीत काय होते ते २०१४ साली जगाने पाहिले, असे म्हणायचा मोह होतो. पण तिथे तर तपासणीही झाली होती. 'ओपन-एसएसएल' या प्रोग्रॅममधली 'हार्टब्लीड' नावाची चूक दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जाऊनही दोन वर्षे बिनबोभाट नांदली. चूक अगदी आमच्या काउंटरवरची. स्लिपवर चौसष्ट हजार लिहायचे, सोबत एक रुपया द्यायचा, आणि प्रोग्रॅमने न मोजता चौसष्ट हजार परत करायचे. फरक इतकाच, की तिथे रुपयांऐवजी शेजारच्यांची गुपिते बाहेर पडत होती. मेकरला वाटते, पुढे चेकर आहेच. चेकरला वाटते, मेकरने पाहिले असेलच. दोघांनीही कडी दुसऱ्याने लावली असे समजायचे, की दार उघडेच.

लिनक्सवाल्यांनी यावर एक सरळ तोडगा काढला आहे. बदल तपासणाऱ्याचे नाव त्या बदलाखाली कायमचे राहते, आणि त्या नावाचा अर्थही लिहून ठेवलेला आहे. मी हा बदल पाहिला, माझ्या शंका विचारल्या, मला तो योग्य वाटतो. मात्र तो बिनचूक चालेल याची हमी मी देत नाही. प्रथम मला ही पळवाट वाटली. मग वाटले, माणसाने याहून जास्त वचन कशाला द्यावे? 'हे बरोबर आहे' असे ब्रह्मदेवालाही छातीठोकपणे सांगता यायचे नाही. त्याची निर्मिती आपण रोज लोकलमध्ये पाहतोच. 'मी पाहिले' एवढे मात्र कोणालाही खरे सांगता येते. दुसऱ्या सहीने जबाबदारी दुप्पट व्हायला हवी असेल तर तेवढे एक वाक्य खरे असले पाहिजे. नाहीतर ती निम्मीसुद्धा राहत नाही.

राहता राहिला रुसलेला मित्र. भाच्याला मी सांगितले, "अरे, तू त्याला तपासत नाहीस. ज्या बाईच्या फोनमध्ये नातवाचे फोटो आहेत, तिच्या वतीने तू बघतोयस. ती काही पुण्याला येऊन 'आकडा कळवा' म्हणणार नाही."

हे तत्त्वज्ञान मी घरात शिकलो. गावाला निघताना गॅस मी बंद करतो. मग सौभाग्यवती विचारतात, "बंद केला?" मी "हो" म्हणतो. त्या ऐकतात, मान डोलावतात, आणि चपला काढून स्वयंपाकघरात बघायला जातात. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असतो. यात माझा अपमान आहे असे मला लग्नानंतर काही वर्षे वाटे. पण सिलिंडर काही माझ्या एकट्याचा नाही. खाली जोशी राहतात, वर कुलकर्णी राहतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही आमच्या लग्नाला नव्हते.