टकळी आणि अटक पंचनामा

सेवाग्रामला पोलीस ठाणे आहे. ज्या गावाने जगाला अहिंसेचा पत्ता दिला, तिथेही चोरीची फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, रात्रीची गस्त घालावी लागते आणि जिल्हा दारूबंदीचा असल्यामुळे हातभट्टीवर छापेही टाकावे लागतात. काहींना यात विसंगती दिसते. स्वतः गांधीजींनी मात्र हा प्रश्न टाळला नव्हता. सेवाग्रामच्या मुक्कामात, 1 सप्टेंबर 1940च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले की अहिंसक राज्यातही पोलीस लागतील, आणि हे मान्य करावे लागणे ही आपल्या अहिंसेच्या अपुरेपणाची खूण आहे. त्यांच्या मनातला पोलीस मात्र वेगळा होता: जनतेचा धनी नव्हे, सेवक, अहिंसेवर श्रद्धा असलेला, हाती शस्त्र असले तरी ते क्वचितच उचलणारा.

असा पोलीस घडवायचा कुठे आणि कसा, हे त्या लेखाने सांगितले नाही. पण त्याचे अर्धे उत्तर याच परिसरात तीन वर्षे आधी मांडले गेले होते.

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमची रूपरेषा तयार झाली. हातातल्या कामातून ज्ञान यावे, हे तिचे सूत्र. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला धाग्याच्या लांबीतून गणित कळावे, कपाशीतून शेती कळावी, आणि गावचा कापूस परदेशी गिरण्यांकडे का गेला या प्रश्नातून इतिहास. पुढे जानेवारी 1945च्या सेवाग्राम परिषदेत या शिक्षणाची मर्यादा शाळेच्या वयापलीकडे नेण्यात आली आणि प्रौढांचे शिक्षणही तिच्यात आले. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने शिकावे, आणि नोकरीतूनच शिकावे, हा विचार सेवाग्रामला नवा नाही.

आज महाराष्ट्रात बारावी झालेला तरुण पोलीस शिपाई होऊ शकतो. थेट उपनिरीक्षकाच्या परीक्षेला बसायचे तर पदवी लागते. त्यामुळे भरती होऊन वर्दी अंगावर आली की अनेकांच्या मनात पहिला विचार पदवीचा असतो, आणि रोज महाविद्यालयात जाणे तर शक्य नसते. अशांसाठी 1985मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे आणि 1989पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नावनोंदणी मोबाईलवर होते, पुस्तके मोबाईलवर उघडतात. बंदोबस्ताच्या गाडीत, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे, रात्रपाळीतल्या निवांत तासाभरात अभ्यास होतो. गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा असे काही आले की साप्ताहिक सुट्टी रद्द होते आणि पुस्तक आठवडाभर मिटलेले राहते. इतके सोसून जो पदवी घेतो, त्याच्या चिकाटीला मनापासून मान द्यायला हवा. बढतीसाठी शिकतो म्हणून त्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे. घर चालवणाऱ्याने चांगल्या पगाराची इच्छा धरू नये, असे कुठल्याच धर्माने म्हटलेले नाही.

प्रश्न वेगळा आहे. दिवसभर हा माणूस दुसऱ्याच्या देहावर आणि स्वातंत्र्यावर अधिकार चालवतो: अडवतो, झडती घेतो, बेड्या घालतो, कोठडीत टाकतो. संध्याकाळी तोच इतिहासाची किंवा राज्यशास्त्राची प्रकरणे वाचतो. या दोन गोष्टींची गाठ पडते का? बहुतेक वेळा पडत नाही. पुस्तक परीक्षेपुरते आणि काम साहेबांच्या आदेशापुरते राहते. शिकलेला पोलीस आणि मारणारा पोलीस मग एकाच वर्दीत सुखाने राहू शकतात.

अटकेचेच पाहा. 1996च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत बंधने घातली, आणि त्यातली मुख्य कलमे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 36व्या कलमात आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा कागद जागेवरच व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्ष असावी, अटक झालेल्याचीही सही असावी. 1 जुलै 2024ला नवे कायदे लागू झाले तेव्हा देशभरच्या पोलिसांना हे पुन्हा शिकावे लागले, तेही बरेचसे ऑनलाइन. कलमांचे जुने-नवे आकडे पाठ झाले. पण अटक पंचनाम्यावर पंच म्हणून कोण उभे राहते? नेहमीचाच ओळखीचा माणूस, की ज्याच्या दारात गाडी थांबली त्याचा शेजारी? कोऱ्या कागदावर सही घेऊन मजकूर नंतर भरला, तर नक्की कुणाचे काय हिरावले जाते? सुताच्या धाग्यात जितका अभ्यासक्रम होता, तितकाच या एका कागदात आहे. त्यात कायदा आहे, इतिहास आहे, आणि नीतीचा सगळ्यात जुना प्रश्नही आहे: माझ्या हाती आलेल्या दुबळ्या माणसाशी मी कसा वागतो?

हा प्रश्न विसरल्याची किंमत विदर्भाला ठाऊक आहे. 1972मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. 1979मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला जाहीर पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि 1983मध्ये कायदा बदलला. गडचिरोली-चंद्रपूरच्या ठाण्यात काम करत शिकणाऱ्याला हे प्रकरण अभ्यासक्रमातले एक टिपण म्हणून देणे पुरेसे नाही. आज आपल्या ठाण्यात रात्री एखादी स्त्री आली तर तिला कुठे बसवले जाते, तिच्याशी कोण बोलते, हे त्याने स्वतः पाहून लिहावे.

केवळ पदवीने पोलीस सुधारतो, असे मानण्याचेही कारण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्या शिपायांसाठी पदवीच्या वाटा आखल्या गेल्या, त्यांत नोकरी करता करता पदवी घेण्याची वाटही होती. त्यावर बराच वाद झाला आणि 2022मध्ये तिथल्या सरकारने पदवीविना येण्याची वाट खुली ठेवायचे ठरवले. उलट बाजूने, पोलिसांची गरजच संपेल ही आशाही अजून फळलेली नाही. विनोबांनी 1957मध्ये शांतिसेना उभी केली, 1960मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. तरीही त्या डाकूंना पुढे कोर्टाची पायरी चढावीच लागली.

तेव्हा वर्दीत राहूनच शिकायचे आहे, आणि मोबाईलवरचे शिक्षण त्यासाठी कमी प्रतीचे मुळीच नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याकडे जे नसते ते या विद्यार्थ्याकडे रोज असते: समोर उभा असलेला माणूस. मुक्त विद्यापीठांनी स्वाध्यायात त्याला त्या माणसाबद्दल विचारावे. नावे-गावे गाळून, गोपनीयता पाळून, त्याने महिन्यात एक अटक लिहून द्यावी: कारण काय होते, नोटीस देऊन भागले असते का, नातेवाइकाला कधी कळवले, हात उगारावासा कधी वाटला आणि का. आणि वरिष्ठांनी परीक्षेच्या दिवशी त्याचा बंदोबस्त दुसऱ्याला द्यावा.