भुंगा, ढोर आणि पीप

शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा शिकताना मुलांच्या मनावर एक गोष्ट नकळत ठसते. आधी साधे वाक्य असते आणि मग त्यावर प्रतिमा चढवायची असते. नव्याने लिहू लागलेल्यांच्या मजकुरात चांदणे, पारिजातक आणि दवबिंदू यांची दाटी होते ती त्यामुळेच. वर्णन डोळ्यांपुढे उभे करायचे म्हणजे विशेषणे वाढवायची, असा समज होऊन बसतो. मराठीचा सातशे वर्षांचा अनुभव मात्र वेगळा आहे. आपल्याकडे टिकून राहिलेल्या प्रतिमा वस्तू कशी दिसते हे क्वचितच सांगतात. ती कशी वागते, हे त्या सांगतात.

ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे इ.स. 1290 ची. तिच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहून खचतो. एवढा मोठा योद्धा आप्तांच्या मायेपुढे हतबल कसा होतो, हे श्रोत्यांना पटायला हवे. ज्ञानेश्वर तिथे भुंगा आणतात. कसलेही कोरडे लाकूड हा भुंगा सहज पोखरून काढतो, पण कमळाच्या कळीत सापडला की ती कोवळी पाकळी त्याच्याने चिरवत नाही, मग त्यात प्राण गेला तरी बेहत्तर. भुंग्याचा काळा रंग इथे नाही, कमळाची शोभाही नाही. एक काम जमते आणि त्याहून कितीतरी सोपे काम हातून होत नाही, एवढेच आहे. माया कोवळी आहे म्हणूनच तिच्यापुढे जोर चालत नाही, हा विचार भुंग्यासोबतच जन्माला येतो. आधी विचार आणि मागाहून सजावट, असा क्रमच इथे लावता येत नाही. महानुभावांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी स्वच्छ मांडणी आहे. तिथेही दृष्टांत आला आहे तो समजावून देण्यासाठी.

मग प्रतिमेचा दागिना कधी झाला? त्याची मुळे संस्कृत काव्यशास्त्रात आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच होते. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ते शंभराच्या वर गेले. वर्गीकरण इतके बारीक झाले की ओळख पटवण्यातच रसिकता मानली जाऊ लागली. याचा धोका आनंदवर्धनाने नवव्या शतकातच ओळखला होता. रसात बुडालेल्या कवीकडून वेगळा प्रयत्न न करता जो अलंकार घडून येतो तोच काव्याचा, असे त्याने ‘ध्वन्यालोका’त म्हटले आहे. लेखनकलेविषयी याहून नेमके बोललेले माझ्या वाचनात फार थोडे आहे. पुढच्या पंडिती परंपरेने त्याचे ऐकले असते तर आपल्या कवितेचे बरेच श्रम वाचले असते. अर्थात सगळ्याच पंडित कवींना एका दावणीला बांधणे अन्यायाचे होईल. रघुनाथ पंडितांच्या दमयंतीस्वयंवरात नळाच्या हाती सापडलेल्या हंसाची तडफड आजही वाचताना जाणवते. ती जाणवते कारण तो पक्षी तिथे सुटण्याची धडपड करतो आहे.

आधुनिक काळात केशवसुतांनी कवितेचा विषय बदलला आणि बालकवींनी निसर्गाला चेतना दिली. बालकवींचे अनुकरण मात्र फार झाले, आणि अनुकरणात चेतना गळून रंग तेवढे उरले.

दरम्यान युरोपातही हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. 1913 मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात एझ्रा पाउंड यांनी प्रतिमेची व्याख्या केली. बुद्धी आणि भावना एकाच क्षणी जिथे गुंतून समोर येतात ती प्रतिमा, असा तिचा आशय. पॅरिसच्या मेट्रो स्थानकातल्या चेहऱ्यांवरची त्यांची प्रसिद्ध कविता आधी तीस ओळींची होती. ती त्यांनी फाडून टाकली आणि अखेरीस दोनच ओळी ठेवल्या. 1919 मध्ये टी. एस. एलियट यांनी भावनेला वस्तूंचा, प्रसंगांचा बाह्य आधार हवा असे मांडले.

बा. सी. मर्ढेकर या विचारांतून गेले होते, पण ते तिथे थांबले नाहीत. ‘भावनिष्ठ समतानता’ ही त्यांची कल्पना. दोन गोष्टी दिसायला सारख्या नसल्या तरी मनावर होणाऱ्या परिणामात त्या जुळल्या की प्रतिमा होते. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह 1947 सालचा. पिपात मेलेल्या उंदरांची त्यांची कविता घ्या. शहरातल्या माणसाचे आणि उंदराचे रूपात काहीच साम्य नाही, पण कोंडून जगणे आणि कोंडून मरणे दोघांचे एकच आहे. ते कळले की नजर पिपावरून हटत नाही. अनेक वाचकांना किळस आली आणि पुढे संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. मला त्या किळसेत प्रतिमेचे यश दिसते. नुसती शोभेची ओळ असती तर कोणाला काही झाले नसते.

आणि अवघ्या पाच वर्षांनी, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नांमुळे बहिणाबाई चौधरींची कविता छापून आली. अक्षरओळख नसलेल्या, खानदेशात शेती-संसारात राबलेल्या या बाईने एलियटचे नाव ऐकले असणे शक्यच नव्हते. पण त्यांचे मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारे ढोर. कितीही हाकला, ते पुन्हा फिरून तिथेच येते. ज्याने राखण केली आहे त्याला ठाऊक असते की ढोर वाईट नसते. पीक हिरवे असते आणि ते भुकेले असते. मनाच्या चंचलपणावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश झाला आहे, पण त्यात हा समजूतदारपणा क्वचितच सापडतो. दगड भिरकावून दमलेल्या हाताला तो सापडला. मर्ढेकर सिद्धांताच्या वाटेने आणि बहिणाबाई बांधावरून एकाच जागी पोचल्या, ही मराठी साहित्यातली मला सर्वांत आनंद देणारी घटना आहे.

पुढे नारायण सुर्व्यांनी गिरणगाव आणले आणि 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. कामाठीपुऱ्याचे ते जग त्या वेळच्या बहुसंख्य वाचकांनी पाहिले नव्हते, तरी त्या प्रतिमा अंगावर धावून आल्या. वाचकाने ती वस्तू हाताळलेली असावीच लागते असे नाही. लेखकाने ती भोगलेली असली की क्रियापदांतून तिचे वजन पोचते.

आज मोट नाही, जाते नाही, आणि लाकूड पोखरणारा भुंगा शहरातल्या मुलांनी पाहिलेला नाही. म्हणून जुन्या प्रतिमा तळटिपांसह जपाव्यात, पण नव्या लिखाणात त्या उसन्या आणू नयेत, असे मला ठामपणे वाटते. पार्सल घेऊन दिवसभर जिने चढणारा मुलगा, रात्रपाळीत परक्या देशाच्या वेळेनुसार जागणारी मुलगी, रुग्णालयात सलाइनचे थेंब मोजत बसलेला नातेवाईक यांच्या हातांना माहीत असलेले पुष्कळ अजून मराठीत आलेले नाही. कार्यशाळांतून नवोदितांना ‘उपमा द्या’ असे सांगण्याऐवजी, तुम्ही रोज जे काम करता त्यात नेमके काय अडते आणि ते कसे सुटते ते लिहा, असे सांगितले तर ते मराठीत येऊ लागेल.